कटला एप्रिलमध्ये वर येतो

माझ्या नवऱ्याने आयुष्यात मासा खाल्लेला नाही. खाणं लांबच राहिलं, दिल्लीतल्या आयएनए मार्केटमध्ये मी कोलंबी घ्यायला थांबले की तो पुढे जाऊन लोणच्याच्या बरण्यांचे भाव विचारत उभा राहतो. घरी येताना ती पिशवी माझ्याच हातात राहील, याचीही तो काळजी घेतो. त्याच्या आईकडे चातुर्मासात कांद्यालासुद्धा घरात प्रवेश नसतो. तर असा हा सुधन्वा गेल्या वर्षी दर रविवारी सकाळी, पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन, ऑफिसातली नोट वाचावी तशा आवाजात, बासखेड्याच्या तलावात कोणता मासा कधी लागेल ते आम्हाला सांगत असे.

हे सगळं माझ्या बाबांसाठी चाललं होतं.

माझे बाबा, खंडेराव, हर्णैचे. आमच्या घरात पूर्वी होडी होती, ती आजोबांबरोबर गेली. बाबा शाळामास्तर झाले, पण संध्याकाळी जेट्टीवर जाऊन गळ टाकून बसणं त्यांनी सोडलं नाही. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. परवाच्या पावसाळ्याच्या शेवटी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि शेजारच्यांना शंका येऊन ते दार ढकलेपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. 'हाड मोडलं नाही,' हे त्यांनी मला फोनवर इतक्या अभिमानाने सांगितलं की जणू शाळेचा शंभर टक्के निकाल लागला होता. मी रजा टाकली, हर्णैला गेले आणि दिवाळीचं निमित्त करून त्यांना दिल्लीला, लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी घरात घेऊन आले. निघण्याआधी त्यांनी परतीचं तिकीट काढलं. ते सदऱ्याच्या खिशात असायचं, मी इस्त्रीला सदरा घेतला की आधी तेच काढून घ्यायचे.

"बाबा, राहा ना इथेच," मी म्हणायचे.

"मुलीच्या घरी मुक्काम ठोकणाऱ्या बापाला हर्णैत काय म्हणतात, ते तुला सांगायला नको," ते म्हणायचे.

मला सांगायला नको होतं. पण हर्णैतली माणसं काय म्हणतात, यापेक्षा मला त्या ओल्या फरशीची भीती जास्त वाटत होती. बाबांनी एकटं परत जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण आमच्या घराण्यात हट्ट हा एकच दागिना वाटणीविना सगळ्यांकडे आलेला आहे.

दिवाळी झाली. बाबांना कॉलनीत करमेना. सकाळी ते आयएनएमध्ये जायचे, सुरमईचे कल्ले उघडून बघायचे, डोळे बघायचे, विकणाऱ्याकडे बघायचे आणि काही न घेता परत यायचे. "बर्फात बसून फार लांबून आलीय बिचारी," एवढंच म्हणायचे. रोहू-कटल्याकडे तर ते बघायचेही नाहीत. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे त्यांच्या लेखी चिखलाची भाजी.

सुधन्वाच्या ऑफिसात एक हरयाणवी डेप्युटी डिरेक्टर आहेत. त्यांनी सांगितलं, मानेसरच्या पुढे बासखेड्याला तलाव आहे, तिथे पास काढून गळ टाकता येतो. सुधन्वाने घरी येऊन हे जाहीर केलं तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो म्हणाला, "अरे यार, एक दिवस जायला काय हरकत आहे? जायच्या आधी त्यांना पाणी तरी दिसेल."

म्हणून एका रविवारी आम्ही निघालो. मी, सुधन्वा, बाबा आणि आमची पाचवीतली अक्षया. मानेसरला कारखान्यांच्या बसगाड्या शिफ्टची माणसं उतरवत होत्या, त्यांच्यामागे आम्ही बराच वेळ रखडलो. मग मोहरीची शेतं लागली, मग एक बांध, आणि बांधापलीकडे तलाव. कोकणातल्या माणसाने त्याला डबकं म्हटलं असतं, पण बाबांनी म्हटलं नाही. ते बांधावर चढले आणि वारा कुठून येतो ते त्यांनी बघितलं.

तेवढ्यात सुधन्वाने गाडीच्या डिकीतून नारळ काढला. त्याला वाटलं, कोळ्यांकडे पाण्याला नारळ देतात, म्हणजे पाणी दिसलं की नारळ द्यायचा. अगदी शेंडीबिंडी ठेवून, हळदीकुंकू लावून तयारीनिशी आणला होता.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"नारळ. पाण्यात सोडायला."

"सुधन्वाराव, नारळ आपल्या पाण्याला देतात. ज्याच्यावर आपलं पोट आहे त्याला. मी इथे पाहुणा. पाहुण्याने दुसऱ्याच्या तलावात नारळ सोडायचा नसतो." आणि नारळ त्याच्या हातात परत देत, माझ्याकडे बघून म्हणाले, "संपदाला द्या. सोलकढी होईल."

सुधन्वाचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. पाहुणा हा शब्द त्यांनी किती सहज वापरला, ते मला लागलं.

तलावावरची व्यवस्था सतबीर नावाचा एक दणकट माणूस बघायचा. त्याने गळ, रीळ आणि कणकेचे गोळे दिले. कणकेत बडीशेप आणि शेंगदाण्याची पेंड. बाबांनी वास घेतला आणि मला म्हणाले, "हे आमिष आहे की संक्रांतीचं वाण?" तरी त्यांनी दोन गळ टाकले. एक स्वतः धरला, दुसरा चहा आणायला उठताना सुधन्वाच्या हातात दिला. "नुसता धरा. हलवू नका."

आणि अर्थातच मासा लागला तो सुधन्वाच्या गळाला. काठी वाकली, तसा तो ओरडला, "बाबा! बाबा, हे ओढतंय!" ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मंत्र्यांसमोर न डगमगणारा माझा नवरा काठी छातीशी धरून मागे मागे जात बांधावर बसला. सतबीरने जाळं घालून चांगला हातभर रोहू काठावर आणला. सुधन्वाने त्याच्याकडे बघितलं, त्याने सुधन्वाकडे बघितलं असावं, आणि माझा नवरा दोन्ही हात जोडून त्या रोहूला म्हणाला, "सॉरी. व्हेरी सॉरी."

बाबा हसले. नुसते हसले नाहीत, चहाचा ग्लास हिंदकळून सदऱ्यावर सांडेपर्यंत हसले. आई गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. मी तोंड फिरवून मोहरीकडे बघत राहिले, कारण अक्षयाने लगेच विचारलं असतं, मम्मा तू रोती का आहेस.

रोहू परत पाण्यात सोडला गेला. गाडीत बसताना सुधन्वा म्हणाला, "बाबा, सतबीर सांगत होता, हे काहीच नाही. थंडी पडली की रोहू खाली जातो, पण कॉमन कार्प येतो. मोठा असतो. डिसेंबरात लागतो म्हणे."

 घरी आल्यावर बाबा खिशातलं तिकीट काढून म्हणाले, "हे जरा पुढचं करून मिळतं का, बघा."

तिथून हे सुरू झालं. सुधन्वाच्या लक्षात आलं की बाबांना कोणी राहा म्हटलं तर ते राहणार नाहीत, पण एखादा मासा येणार असेल तर वाट बघतील. मासेमारीसाठी थांबलेला माणूस काही मुलीकडे मुक्काम ठोकून बसलेला नसतो. हर्णैला फोन केला की ते मोठ्याने सांगायचे, "इथे एक तलाव आहे, तिकडचं जरा काम आहे." जणू सरकारनेच नेमलं होतं त्यांना.

शनिवारी संध्याकाळी सुधन्वा गॅलरीत जाऊन सतबीरला फोन लावायचा. मला सगळं ऐकू यायचं. "हां जी सतबीर जी. जनवरी का क्या सीन है? ... अच्छा. कुछ भी नहीं? ... नहीं नहीं, कुछ तो होगा. एकाध तो होगा बेचारा."

आणि रविवारी पोहे खाताना अंदाज जाहीर व्हायचा. "जानेवारीत कॉमन कार्प. दुपारी, उथळ पाण्यात, ऊन पडलं तर. शक्यता मध्यम. फेब्रुवारीअखेर पाणी तापायला लागलं की रोहू पुन्हा खायला लागणार, ती शक्यता उत्तम."

"आणि सतबीर काय म्हणतो?" बाबा विचारायचे.

"त्याचंही हेच मत आहे."

जानेवारीत ऊन पडलं नाही. धुक्यात बांधावर खुर्च्या टाकून, कानटोप्या घालून आम्ही बसायचो आणि पाण्यात गळ कुठे आहे तेही दिसायचं नाही. थर्मास रिकामा व्हायचा, बाकी काही व्हायचं नाही. अक्षया म्हणायची, "आजोबा, मछलीला आज भूख नाही लगली का?" आणि बाबा तिला म्हणायचे, "मछली नाही, मासा. लगली नाही, लागली. आणि नाही लागली." दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलीचं मराठी त्या थंडीत जेवढं सुधारलं तेवढं इथल्या मराठी मंडळाच्या वर्गाला वर्षभर जाऊन सुधारलं नव्हतं. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला गेली, बाबाही आमच्याबरोबर आले. काला अंबच्या स्मारकापुढे हात जोडून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "बघ संपदा, मराठी माणूस एकदा उत्तरेत आला की त्याचं परत जाणं किती अवघड होतं." मला हसावं की रागवावं कळेना. मी रागावले. तेच मला लवकर जमतं.

फेब्रुवारीच्या शेवटी रोहूने मात्र खरंच लाज राखली. मार्चमध्येही लागला. मग एप्रिलचा कटला. सुधन्वाने त्याचं वर्णन असं काही केलं होतं की एखाद्या सचिवांच्या दौऱ्याची तयारी चालली असावी. "कटला एप्रिलमध्ये वर येतो. तोंड मोठं असतं. तो वरच्या पाण्यात खातो, म्हणून गळ तळाला जाऊ द्यायचा नाही." हे सांगणाऱ्याने मेथीची भाजी खात खात सांगितलं होतं. आणि कटला आला, बाबांच्या गळाला, पहाटे. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा चेहरा असा होता की मी दार उघडून नुसती बघत राहिले. चिखलाच्या भाजीचं कालवण त्यांनी स्वतः केलं, कोकम जास्त घालून, आणि दोनदा भात घेतला. सुधन्वा शेजारी बसून दहीभात खात होता आणि मूळव्याधीच्या जाहिरातीतल्या माणसासारखा हसत होता. मे महिन्यात मरळ, ज्याला इकडे सौल म्हणतात. गवतातल्या उथळ पाण्यात, अंदाजाप्रमाणे, शक्यता चांगली.

तिकीट सारखं पुढे जात राहिलं. आणि मी मूर्खासारखी निर्धास्त झाले.

जूनमधल्या एका रविवारी सुधन्वा पोह्यांत लिंबू पिळत बसला. पिळून पिळून त्यात काही उरलं नव्हतं.

"सुधन्वाराव," बाबा म्हणाले, "आज अंदाज नाही?"

"आहे ना. बिल्कुल आहे. जुलै-ऑगस्टमध्ये..." त्याने पोह्यांचा घास घेतला आणि भरपूर चावला. "मृगल."

"मृगलचं काय?"

"शक्यता मध्यम."

"तलाव बंद असतो पावसाळ्यात," बाबा शांतपणे म्हणाले. "मासे अंडी घालतात. सतबीरने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तुम्ही त्या रोहूची माफी मागत होतात तेव्हा. डिसेंबर-जानेवारीत काही लागत नाही, हेही तेव्हाच सांगितलं होतं."

सुधन्वाचा चमचा हवेतच राहिला. मी म्हटलं, "मग त्या धुक्यात कुडकुडत बसलात कशाला?"

"जावई एवढ्या मेहनतीने खोटं बोलत होता. त्याला नाही कसं म्हणणार?" ते हसले, पण लगेच थांबले. खिशात हात घातला. "आता मात्र तलावच बंद. खोटं बोलायलाही जागा उरली नाही. जुलैचं तिकीट मी सायबर कॅफेत जाऊन काढून आणलंय. खेडला उतरेन, भाऊसाहेब न्यायला येणार आहे."

भाऊसाहेब म्हणजे त्यांचा जेट्टीवरचा मित्र. आणि माझा ताबा सुटला.

"बाबा, तुम्ही त्या फरशीवर पडून होतात तेव्हा मी इथे मीटिंगमध्ये बिस्किटं खात होते. तुम्हाला ठाऊक आहे ते मला कसं वाटतं? तुम्ही हर्णैला असताना रोज सकाळी मी फोन लावायचे, आणि तुम्ही उचलेपर्यंत रिंग मोजत बसायचे. मला भीती वाटते, बाबा. मला तुम्ही इथे हवे आहात. मासे गेले खड्ड्यात."

अक्षया पोहे सोडून माझ्याकडे बघत होती. बाबांनी तिकिटाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"आणि लोकांना काय सांगू?" ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "आजवर सांगत होतो, तलावाचं काम आहे. आता बंदीत काय सांगू? खंडेराव लेकीच्या दाराशी बसून खातो म्हणून?"

 दर आठवड्याला नवा मासा शोधून काढणारा सुधन्वा पुन्हा तेच लिंबू पिळायला लागला.

जुलै आला. बाबांची बॅग भरलेली होती. मी त्यांच्यासाठी डब्यात पुरणपोळ्या दिल्या, हट्टाने, रागाने, तूप जरा जास्तच लावून. दुपारी निजामुद्दीन स्टेशनला निघायचं होतं. मी ऑफिसातून लवकर आले, तर पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून बाबा जमिनीवर बसले होते. रिळाचे सुटे भाग पुसून, तेल लावून, ओळीने मांडले होते. फोन स्पीकरवर होता. पलीकडून भाऊसाहेबांचा आवाज येत होता, "अरे पण मी गाडी सांगून ठेवलीय खेडला!"

"सांगून ठेवली तर आता नको म्हणून सांग. अरे, इथे बंदी लागलीय."

"मग? बंदीच आहे तर ये की इकडे."

"भाऊसाहेब," बाबा म्हणाले, शाळेतल्या ढ मुलाला समजावावं तसे, "बंदीत माणूस काय करतो? होडी ओढून घरी बसतो, सामान नीट करतो. बंदीत कधी कोणी घर सोडून गेलेलं बघितलंयस?"

मी दारातच चपला हातात घेऊन उभी राहिले. त्यांनी मान वर करून मला बघितलं, फोन बंद केला आणि रिळाकडे बोट दाखवलं. "याची स्प्रिंग गंजलीय. थंडीत धुक्यात बसवलं ना तुझ्या नवऱ्याने. आणि ते पुरणपोळ्यांचं काय झालं? वाया घालवू नका."

तिकीट रद्द करायचं आम्ही सगळेच विसरलो. गाडी खेडला एक जागा रिकामी घेऊन गेली.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबा सुधन्वाला घेऊन आयएनएत गेले आणि नारळ निवडायला त्यांनी जेवढा वेळ लावला तेवढा आमचं लग्न ठरवायला लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून आम्ही बासखेड्याला गेलो. तलाव काठोकाठ भरला होता. सतबीर धावत आला. "अंकल जी, अभी बंद है. अगले महीने आना."

"मालूम है," बाबा म्हणाले. "मच्छी को नहीं, मिलने को आया."

त्यांनी चपला काढल्या, घोट्यापर्यंत पाण्यात गेले, नारळाला कुंकू लावलं. सुधन्वाने, ज्याला पहिल्या दिवशी त्याचा नारळ परत मिळाला होता, निरांजनाला वाऱ्याचा आडोसा धरला. मी आणि अक्षयाने हात जोडले. बाबांनी नारळ पाण्यावर सोडला, हाताने हलकेच पुढे ढकलला. तो डुलत डुलत निघाला. मला रडायला येत होतं आणि मी रडत होते, बिनधास्त.

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. सतबीर कपड्यांसकट पाण्यात उतरला होता. आम्ही ओरडेपर्यंत तो नारळ काखेत मारून परत आलाही, आणि धापा टाकत, मोठ्या प्रेमाने त्याने तो बाबांपुढे धरला.

"अंकल जी, आपका नारियल गिर गया था."

सुधन्वाने कपाळाला हात लावला. अक्षया हसून हसून बांधावर बसली. बाबांनी नारळ हातात घेतला, त्यावरचं विरघळलेलं कुंकू बघितलं, आणि मला वाटलं, आता हे म्हणणार, पाण्याने परत दिला, पाहुण्याचा घेत नाही.

"मेरा नहीं है, सतबीर," ते आपल्या हर्णैच्या हिंदीत म्हणाले. "ये हमारे तलाव का है. हर साल देने का."

आणि हात मागे नेऊन त्यांनी तो नारळ इतक्या लांब फेकला की सतबीरला पुन्हा जायची इच्छाच झाली नाही.